रोज एक

१२ फेब्रुवारी

चिंगे,

तुझा पत्ता मावशीकडून घेतला. तिनं तो सुखासुखी दिला नाही. "तिला त्रास देणार नसाल तरच देते," म्हणाली. बापाला स्वतःच्या मुलीचा पत्ता अटी मान्य करून मिळतो, असे दिवस आलेत. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

आधी कामाचं. तुझ्या आईचं शिलाई मशीन मागच्या खोलीत पडून आहे. तेलपाणी न झाल्यानं चाक जड झालंय. कपाटात तिचे कपडे आहेत, चष्मा आहे, अर्धवट विणलेला स्वेटर सुयांसकट आहे. तुला काय हवं ते कळव. नाहीतर मावशी टपलेलीच आहे, परवा मशीनभोवती दोन फेऱ्या मारून गेली.

दुसरं, माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. डावा पुढच्या महिन्यात. सोबतीला समोरचा शिंपी आला होता. घरी कोण असतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. कुणी नाही, म्हटलं. त्यात खोटं काय आहे?

आई जाऊन आठ महिने झाले. तू एकदाही फिरकली नाहीस. मी तुला दोष देत नाही. चूक माणसाच्याच हातून होते, त्यातून तुझं वय लहान. मी तुला घरातून जा म्हटलं नव्हतं. उलट एक शब्द तरी बोललो का? शेजारचे विचारतात, मुलगी येत नाही का हो? मी सांगतो, तिला ड्यूटीतून सवड मिळत नाही. तुझ्यावर मी असं पांघरूण घालत असतो, तेवढं तुला कळावं.

मशीनचं काय ते कळव.

तुझे
बाबा


४ मार्च

चिंगे,

मशीन मावशी घेऊन गेली. उत्तराची वाट किती बघायची?

जाताना मात्र तिनं जे सांगितलं ते ऐकून मी जिन्यातच बसलो. तू नर्सचं काम सोडलंस म्हणे! धुलाईच्या दुकानात लोकांच्या कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचतेस! तीन वर्षं शिकलीस. बाळंतिणींच्या वॉर्डात तुझा हात किती हलका म्हणून बायका तुलाच बोलवायच्या. ते सगळं सोडून दुसऱ्यांच्या कोटांचे खिसे तपासत बसलीस? कुणावर रागावून? माझ्यावर?

मावशी म्हणते, तू सोडलं नाहीस, सोडावं लागलं. केसपेपरावर लिहिलं गेलं होतं, 'मुलीने चुकून औषध रोज दिले.' त्याच हॉस्पिटलात तू नोकरीला. मेट्रननं तुला औषधांच्या ट्रॉलीपासून लांब ठेवलं, मग चादरी मोजायला बसवलं, मग तूच राजीनामा दिलास. हे मला इतके दिवस कुणी सांगितलं नव्हतं. आणि मावशी माझ्याकडे अशी बघत होती, जणू ती ओळ मी लिहिली.

मी काय केलं? मोठ्या डॉक्टरांनी व्हरांड्यात विचारलं, "पेशंटला गोळ्या कोण द्यायचं?" मी म्हटलं, "मुलगी. डबा तीच भरायची." यातलं एक अक्षर खोटं आहे का? सात खणांचा तो प्लॅस्टिकचा डबा तूच आणलेला, तूच भरायचीस. तू शेजारीच उभी होतीस. तुझी मावशी होती, मोठे काका होते. तू तेव्हा 'नाही' म्हणाली असतीस तर मी काय तुझं तोंड धरणार होतो?

गोळ्यांचं मी तुला काय सांगावं. तरी सांगतो, कारण त्याशिवाय माझ्या डोक्यातून जात नाही. बत्तीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभा राहून लोकांना हेच सांगत आलो. सांध्यांसाठी दिलेली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ती रोज पोटात गेली तर हाडांच्या आत रक्त तयार व्हायचं थांबतं. आणि तिनं रक्ताची नासाडी करू नये म्हणून जोडीला फॉलिक अ‍ॅसिड, म्हणजे गरोदर बायकांना रक्तवाढीला देतात तेच. तुझ्या आईला पहिली फक्त सोमवारी एक होती, आणि दुसरी सोमवार सोडून रोज एक. दोन्ही पिवळ्या, दोन्ही बारीक, मुगाच्या दाण्याएवढ्या. उलटापालट झाली. पंधरा गोळ्या गेल्या तिच्या पोटात. मी मोजल्यात.

नोकरी अशी टाकून द्यायची नसते. दुसऱ्या हॉस्पिटलात अर्ज कर. कुठं काय लिहिलंय हे तिथं कोण बघायला येतंय?

बाबा


११ मार्च

चिंगे,

मागचं पत्र टाकलं आणि आठवडाभर धड जेवलो नाही. त्यात एक गोष्ट मी गाळली होती. मावशीसमोर गाळली, काकांसमोर गाळली, ते ठीक. पण तुला लिहिताना गाळून काय उपयोग? तुला तर ती माहीत आहे.

तू फोन केला होतास.

मी मोठ्या काकांकडे गेलो होतो, त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं तेव्हा. बारा दिवस होतो. निघायच्या आदल्या दिवशी मी जुन्या दुकानातून आईच्या गोळ्या आणल्या, सवयीप्रमाणे पट्ट्या कापून कागदी पाकिटांत घातल्या, वर जाड पेनानं लिहिलं आणि तुझ्या हवाली केल्या. बुधवारी दुपारी तुझा फोन आला. काकांच्या खाटेभोवती सगळे जमले होते आणि मी त्यांना कुठली गोळी कशासाठी ते समजावून सांगत होतो. माझा रुबाब तुला माहीत आहे. गल्लीत लोक उगीच मला 'अर्धे डॉक्टर' म्हणत नव्हते.

तू म्हणालीस, "बाबा, एका पाकिटावर 'सोमवार सोडून रोज एक' लिहिलंय. पट्टीवरचं नाव अर्धं कापलं गेलंय. पण ही गोळी आठवड्यातून एकदाच असते ना? मी कुठंतरी वाचलंय."

मी म्हणालो, "मी लिहिलंय ना? मग तेच."

"एकदा डॉक्टरांची चिठ्ठी बघून सांगता का? घरात सापडत नाहीये."

चिठ्ठी माझ्या खिशात होती. शर्टाच्या, वरच्या खिशात. हात घालायचा अवकाश.

आणि मी काय म्हणालो? सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बत्तीस वर्षं मी डॉक्टरांची अक्षरं लावली. तू बाळंतिणींचं टेंपरेचर घेणारी, मला औषधं शिकवणार? सांगितलंय तेवढं कर." खाटेभोवतीचे हसले. काका पोटाचे टाके धरून हसले. तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास.

मी चिठ्ठी का काढली नाही, हे तुला वाटतं तसं नाही. मला तुझी शंका फालतू वाटली म्हणून नाही. चिठ्ठी काढली असती तर वाचावी लागली असती. आणि मला ती वाचता येत नव्हती.

दीड वर्षापासून मला बारीक अक्षर दिसत नव्हतं. सगळं दुधातून बघितल्यासारखं. घरी मी टेबलाच्या खणात भिंग ठेवलं होतं, कुणी नसताना वापरायचो. काकांच्या घरी सगळ्यांसमोर भिंग काढून अर्धा डॉक्टर चिठ्ठीवर नाक घासतोय, हे मला सोसलं नसतं.

आज इतकंच लिहवतंय.

बाबा


२९ मार्च

चिंगे,

डाव्या डोळ्याचंही झालं. आता सगळं लख्ख दिसतं. भिंतीवरचे पोपडे, माझ्या हातावरचे डाग, सिंकमध्ये शेवाळ धरलेलं. इतकं दिसायला नको होतं असं वाटतं.

उरलेलं सांगून टाकतो.

मी परत आलो तेव्हा आईच्या तोंडात फोड आले होते. चहासुद्धा झोंबायचा. चेहरा पांढराफटक. तू म्हणालीस, "बाबा, उद्याच्या उद्या रक्त तपासू. मला लक्षण बरं दिसत नाही." आठवतं? मी म्हणालो, "उठसूट रक्त काय काढायचं? उष्णता झालीय, अंगात रक्त कमी आहे." आणि मी तिला लोहाचं टॉनिक सुरू केलं. रोज दोन चमचे, सकाळ-संध्याकाळ. फोडांना लावायला जेल. तिच्या अंगात रक्त तयारच होत नव्हतं आणि मी चमच्यानं लोखंड पाजत होतो. पाच दिवस. ती प्रत्येक घोटाला डोळे मिटायची आणि मी म्हणायचो, "कडू आहे, पण गुण येईल." त्या पाच दिवसांतही डब्यातल्या गोळ्या चालूच होत्या.

सहाव्या दिवशी मी केस कापायला गेलो होतो. तू तिच्या पायांवर जांभळे ठिपके बघितलेस, ताप बघितलास आणि मला न विचारता तिला रिक्षात घालून नेलंस. मला न विचारता केलेली तेवढी एकच गोष्ट, आणि तेवढीच बरोबर.

हॉस्पिटलात पोचलो तर तिथल्या तरुण डॉक्टरनं सांगितलं, पांढऱ्या पेशी सातशेवर आल्यात, रक्त गोठवणाऱ्या पेशी जवळपास नाहीतच. घरातली सगळी औषधं आहेत तशी घेऊन या. तू आईजवळ होतीस. मी घरी आलो.

चिंगे, मी दार लावलं, खणातून भिंग काढलं आणि दोन्ही पाकिटं खिडकीशी नेली. अक्षर माझंच. मेथोट्रेक्सेटवर 'सोमवार सोडून रोज एक'. फॉलिक अ‍ॅसिडवर 'फक्त सोमवार'. चिठ्ठी शेजारी ठेवून पाहिली. डॉक्टरनं बिचाऱ्यानं छापील अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलं होतं.

पाकिटं मी फाडली. बारीक तुकडे केले, संडासात टाकले आणि दोनदा पाणी ओतलं. नुसत्या पट्ट्या आणि तुझा डबा पिशवीत घातला. घरापासून हॉस्पिटल वीस मिनिटांवर. मी चालत गेलो. वीस मिनिटं कमी नसतात. वाटेत थांबून परत विचार करता आला असता, तुला बाजूला घेऊन सांगायचं ठरवता आलं असतं. मी काय ठरवलं? कुणी विचारलं तर 'डबा मुलगी भरायची' एवढंच म्हणायचं. वाक्य तयार करून नेलं होतं मी. व्हरांड्यात घाबरून तोंडातून निसटलं असं समजू नकोस.

पुढचं तू पाहिलंस. दर सहा तासांनी त्या गोळीवरचा उतारा म्हणून ल्यूकोव्होरिनचं, म्हणजे फॉलिनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन. दुकानात असताना मी नव्या पोरांना बजावायचो, 'फॉलिक' आणि 'फॉलिनिक' यांत एका अक्षराचा फरक, डोळ्यात तेल घालून वाचा. रक्त गोठवणाऱ्या पिवळसर पेशींच्या पिशव्या लागल्या. पेशी वाढवायची सुई झाली. चौथ्या दिवशी ती दोन घोट दूध प्यायली तेव्हा मी मनात म्हटलं, सुटलो. 'वाचली' असं नाही म्हटलं. 'सुटलो' म्हटलं. नवव्या दिवशी ती गेली.

आणि घरी आल्यावर सगळे तुझ्याकडे बघत होते, तेव्हा मी हुंदके देत होतो. ते हुंदके खरे होते. पण त्यांच्या आड बसायला जागाही बरी होती.

बाबा


१८ एप्रिल

चिंगे,

दोन कामं केली, त्यांचा वृत्तान्त.

पहिलं. मोठ्या काकांकडे सगळ्यांना बोलावलं. काका, काकू, मावशी, तिचा नवरा. चहा झाल्यावर मी उभा राहिलो आणि तुला लिहिलं ते सगळं सांगितलं. फोन, खिसा, पाकिटं, संडास, काही गाळलं नाही. मला वाटलं होतं काका जोडा काढतील. मावशी थोबाडीत मारेल. मी तयारीनं गेलो होतो.

काय झालं माहितीय? काकूंचे डोळे भरून आले. काका उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "अरे, तू काय मुद्दाम केलंस? वय झालं, डोळ्यांनी दगा दिला. तिचं तेवढंच आयुष्य होतं. मनाला लावून घेऊ नकोस." मावशीचा नवरा म्हणाला, "सांगायलाही हिंमत लागते." मला दुसरा चहा दिला. त्यात साखर जास्त घातली होती, मला आवडते म्हणून.

मी काकांना म्हणालो, "हेच त्या पोरीनं केलं असं वाटत होतं, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?" उत्तर मीच सांगितलं. "शिकलेल्या पोरी अशाच, लक्ष मोबाइलमध्ये," हे ते म्हणाले होते. तू आतल्या खोलीत होतीस आणि दार उघडं होतं. काकू म्हणाल्या, "आता जुनं कशाला उकरायचं?" आठ-दहा महिन्यांत तुझ्या वाट्याला आलं ते जुनं झालं, आणि माझं ऐकल्यावर लगेच माफ.

एकट्या मावशीनं चहा घेतला नाही. जिन्यात मला म्हणाली, "माझ्या बहिणीचं मी बघून घेईन देवाकडे. पण त्या पोरीला तुम्ही जिवंतपणी पुरलंत." मला जरा बरं वाटलं. कुणीतरी नीट बोललं.

दुसरं काम. हॉस्पिटलात गेलो. मोठे डॉक्टर आता दुसरीकडे गेलेत. रेकॉर्डच्या खोलीतली बाई म्हणाली, बंद झालेल्या केसपेपरात खाडाखोड करता येत नाही. तुमचं निवेदन लिहून द्या, ते मागे जोडू. लिहून दिलं. तिनं शिक्का मारला, जोडलं आणि गठ्ठा परत वरच्या फळीवर सरकवला. मेट्रनलाही एक प्रत दिली. तिनं उभ्याउभ्या वाचली आणि म्हणाली, "मी तिला चादरी मोजायला बसवलं हो." मग तिनं कागदाची घडी घालून खणात ठेवली. शेवटी म्हणाली, "तिला यायचं असेल तर माझ्याकडे यायला सांगा."

निवेदनाची शिक्क्याची प्रत सोबत जोडली आहे. ती तुझ्या उपयोगी पडावी.

बाबा


६ मे

चिंगे,

तुझं पत्र आलं. लिफाफ्यावरचं अक्षर बघून मी ते तासभर टेबलावर तसंच ठेवलं. वाचलं तेव्हा उभा होतो.

तुझे शब्द मी इथं पुन्हा उतरवतो. तुला सुनावायला नाही. मला ते स्वतःच्या हातानं एकदा लिहायचेत.

"बाबा, पाकिटांवरचं अक्षर मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं, त्यामुळे चूक कुणाची हे मला व्हरांड्यातही माहीत होतं. मी बोलले नाही कारण आतल्या खाटेवर आईला सगळं ऐकू येत होतं. तुमचा कागद मिळाला. मेट्रनबाईंकडे मी जाणार नाही. मी नर्स होते. शंका आली होती, तर चिठ्ठी मिळेपर्यंत गोळी थांबवायची, हे मला शिकवलं होतं. तुम्ही ओरडलात आणि मी गोळी दिली. तुमच्या डोळ्यांना दिसत नव्हतं. मला दिसत होतं, पण मी तुम्हाला घाबरले. हे कुठल्या शिक्क्यानं पुसलं जाईल? एकच विचारायचंय. तुम्हाला दिसत नाही हे आईला माहीत होतं का? खरं असेल तेच लिहा. त्यानंतर पत्रं पाठवू नका."

खरं असेल तेच लिहायचं, तर दोन दिवस लागले. 'नाही, तिला काही कल्पना नव्हती' असं एक पत्र मी लिहूनही ठेवलं होतं. त्यानं तुला हलकं वाटलं असतं असं मी स्वतःला समजावत होतो. मग लक्षात आलं, हलकं मलाच वाटलं असतं. ते फाडलं.

हो. तिला माहीत होतं. सगळ्यांच्या आधी तिलाच कळलं. मी वर्तमानपत्र उलटं धरून बसलो होतो, ते तिनं हातातून घेऊन सरळ केलं आणि परत दिलं. मग सकाळी भाजी निवडता निवडता ती मोठ्यानं बातम्या वाचायला लागली, जणू तिलाच हौस आहे. सहा महिने ती मला म्हणत होती, डोळे दाखवून घ्या. मी उद्या-परवा करत राहिलो. एकदा ती म्हणाली, "मी पोरीला सांगते, ती बरोबर कान धरून नेईल." तेव्हा मी हातातला पेला आपटला. म्हणालो, "चिंगीला एक शब्द सांगितलास तर याद राख. मुलीसमोर मला आंधळा ठरवायचा नाही."

तिनं सांगितलं नाही.

मी काकांकडे जायला निघालो त्या सकाळी तिनं ती पाकिटं हातात घेतली होती. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एकदा चिंगीकडून चिठ्ठीशी पडताळून घेऊ का?" मी बूट घालत होतो. मी मान वर केली. नुसतं बघितलं. तिनं पाकिटं खाली ठेवली. टेबलावरची चिठ्ठी उचलून मी खिशात घातली, ती तेव्हा. उगीच नेली नव्हती. तुम्ही दोघींनी मिळून माझं लिहिलेलं तपासू नये म्हणून नेली होती.

म्हणजे तू विचारलंस त्याहून जास्त खरं हे आहे: तिला शंका होती, तरी तिनं रोज सकाळी तुझ्या हातून ती गोळी घेतली. तुझ्यावर विश्वास होता म्हणून असं मला लिहिता आलं असतं. मला वाटतं, मला घाबरून. चौतीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर हात उचलला नाही, याचा मला फार अभिमान होता. उचलायची गरजच पडली नव्हती, हे मला आत्ता कळतंय.

तू घाबरलीस म्हणून स्वतःला अपराधी समजतेस. त्या घरात घाबरणं तुम्हा दोघींना मीच शिकवलं. तुझी शिकवणी माझ्याकडे पाळण्यापासून होती आणि नर्सिंगची फक्त तीन वर्षं. एवढंच म्हणायचंय. हे तुझ्या समाधानासाठी म्हणतोय असं वाटलं तर सोडून दे.

तू पत्रं पाठवू नका म्हणालीस. नाही पाठवणार. ये असंही म्हणत नाही.

बाबा